फटका मारताना बोलू नये

आई, शनिवारी फ्राउ लिंडेमान तुमच्यासाठी रडल्या. भर दुपारी, मिनिगोल्फच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत नाक शिंकरून रडल्या. तुम्ही गेल्यापासून मला अजून धड रडू आलेलं नव्हतं, आणि या बाईंना ते इतकं सहज आलं याचा मला राग आला. सासू माझी होती. रडण्यात तरी पहिला नंबर माझा लागायला हवा होता.

तुम्ही गेलात तेव्हा इथे ब्राउनश्वाइगमध्ये बर्फ साचलेला होता. अभि मिळेल त्या विमानाने एकटाच साताऱ्याला गेला, कारण सईची परीक्षा होती आणि तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. तुमचे दिवस मी फोनवर पाहिले. तेही मध्येच कुणीतरी फोन उताणा ठेवून निघून गेलं आणि मला बराच वेळ तुमच्या माजघरातला पंखाच दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. टीममधल्या सगळ्यांनी ओळीने येऊन माझा हात हातात घेतला, दोन शब्द बोलले आणि मीटिंग सुरू झाली. त्यामुळे तुमच्यासाठी चार माणसं एकत्र उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली ती थेट या शनिवारी, मैदानाचा हंगाम सुरू झाला तेव्हा.

ते मैदान आधी माझं होतं, हे एकदा स्पष्ट करून टाकते. अभिची नोकरी तेव्हा हॅनोव्हरला, तो ट्रेनने उशिरा यायचा. शुक्रवारी माझी कंपनी दुपारीच सुटायची आणि सईला किटामधून, म्हणजे पाळणाघरातून, आणायला थोडा अवकाश असायचा. असंच भटकताना मला ते सापडलं. लोकांच्या भाजीच्या बागा संपतात तिथे चेस्टनटच्या झाडांखाली अठरा छोट्या पट्ट्या, आणि हॉर्स्ट नावाच्या निवृत्त गृहस्थांची लाकडी टपरी. मी काठी आणि चेंडू घ्यायचे आणि एकटी खेळत फिरायचे. अख्ख्या आठवड्यात माझ्या मालकीचा तेवढाच वेळ होता.

दाराशी पाटी होती. दुसरं कुणी फटका मारत असताना बोलू नये. आपली सावली त्याच्या पट्टीवर पडू देऊ नये. पट्टीवर पाय देऊ नये. सहा फटक्यांत चेंडू गेला नाही तर सात मांडावेत आणि मुकाट्याने पुढे जावं. मागून भरभर खेळणारे आले तर त्यांना वाट द्यावी. मी ती पाटी डिक्शनरी काढून वाचली आणि अक्षरश: पाळली. कित्येक उन्हाळे पाळली. कुणाचं लक्षही गेलं नाही. इथे बरोबर वागलं तर कुणी बघत नाही, चुकलं की मात्र लगेच बघतात. येताना 'हालो' आणि निघताना 'च्युस' याच्या पुढे तिथल्या कुणाशी माझी गाडी कधी सरकली नाही.

आणि मग तुम्ही आलात. तीन महिन्यांचा व्हिसा, पायात पांढरे बूट, कॉटनची साडी आणि वरून अभिची विंडचीटर. शुक्रवारी तुम्हाला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून मी तुम्हाला सोबत नेलं. ही माझी चूक असं मी म्हणणार नाही, पण माझं नशीब नक्कीच. दाराशी थांबून मी पाटीचं भाषांतर करायला लागले तर तुम्ही दुसऱ्याच नियमावर मला थांबवलंत.

"कळलं गं मीनल. हळदीकुंकवाला गेल्यासारखं वागायचं."

तुम्ही खरंच तसं वागलात. धक्काबुक्की नाही, घाई नाही, आधी समोरची. मागून कुणी आलं की "बिट्टे, बिट्टे" म्हणत हाताने असा मान द्यायचात की त्या माणसाला पुढे जाणं भाग पडायचं. पट्टी ओलांडायला तर तुम्ही कधीच तयार झाला नाहीत. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, ताटाला ओलांडू नये, तशीच ती पट्टी. पलीकडे जायचं तर सगळ्या झाडांना वळसा घालून जायचात. आणि चेंडूला चुकून पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला.

"त्या काय करताहेत?" हॉर्स्टनी मला पहिल्यांदा विचारलं ते हे. इतक्या वर्षांत मला विचारलेला हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तोही तुमच्याबद्दल. मी सांगितलं, पाय लागला की आम्ही माफी मागतो. "चेंडूची?" "हो, चेंडूची." ते विचारात पडले. पंधरवड्यात फ्राउ लिंडेमान, म्हणजे तिथल्या सगळ्यात पट्टीच्या खेळाडू, ज्यांच्याकडे चेंडूंची खास बॅग असते आणि ज्या थंडीत चेंडू खिशात ऊबेला ठेवतात, त्यासुद्धा पाय लागला की चेंडूला नमस्कार करायला लागल्या.

खेळही तुम्हाला यायला लागला, हे तर फारच झालं. जन्मभर कॅरम खेळून तुमचा हात तयार होता. कडेला मारून चेंडू कुठे येईल ते तुम्हाला न बघता कळायचं. ज्या पट्टीला उभं वेटोळं होतं तिला तुम्ही जिलबी म्हणालात. जिच्या टोकाला उंच ढिगारा आणि त्याच्या शेंड्यावर भोक, ती मोदक. मोदक सगळ्यात अवघड. हळू मारला तर चेंडू अर्ध्यातून परत येतो, जोरात मारला तर वरून उडून झाडीत. जर्मनमध्ये त्याला ज्वालामुखी म्हणतात. तुम्ही दोन उन्हाळे येऊन गेल्यावर त्याला तिथे कुणी ज्वालामुखी म्हणेना. "मोडाक," म्हणायचे सगळे. माझं नाव मात्र अजून मिनाल, मीनेल, कधी मिलेना असं काहीही असायचं.

हॉर्स्टनी तुमच्यासाठी दुधाचा चहा करायला सुरुवात केली. मी जर्मनची बी-टू परीक्षा दिलेली बाई, मला ते पिशवीचा चहा आणि गरम पाण्याचा कप वेगवेगळा देत आले होते. तुम्हाला तीन शब्द येत होते, पहिले दोन 'हालो' आणि 'बिट्टे'. तिसरा 'गुट श्लाग'. खेळणारे एकमेकांना चांगला फटका मार म्हणून शुभेच्छा देतात, तो. तुम्ही तो टपरीवाल्याला, पोस्टमनला आणि ट्रामच्या ड्रायव्हरलाही म्हणायचात. आणि सगळे खूश.

सईचं तर बोलायलाच नको. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तुमच्याशी ती मराठीत बोलायची. तोडकंमोडकं, पण मराठीत. एकदा मी तिला विचारलं, आजीशी बोलतेस, मग माझ्याशी का नाही? तर म्हणाली, "पण मम्मा, आजीला जर्मन येत नाही. तुला येतं." म्हणजे मी मरमर करून भाषा शिकले त्याची ही शिक्षा. त्या रात्री पोळ्या लाटताना मी जरा जोरातच लाटल्या. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही पोळपाटाखाली फडकं सरकवलंत.

पण आई, खरं दुखणं पुढेच आहे. ते तुम्हाला मी एकदाच सांगितलं होतं आणि ते तसंच अर्धवट राहिलं.

साऱ्या जगाशी तुमचा इतका सभ्यपणा, आणि माझी पाळी आली की? मी काठी मागे न्यायचे, चेंडूवर नजर रोवायचे, आणि नेमक्या त्या क्षणी मागून तुमचा आवाज यायचा. "मीनल, गॅस बंद केलास ना?"

आपल्या घरात गॅसच नाही. विजेची शेगडी आहे, तीही आपोआप बंद होणारी. तुम्हाला ते पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तरी दर वेळी तेच. आणि दर वेळी क्षणभर माझं मन तिकडे जायचंच. नको म्हटलं तरी डोळ्यासमोर निळी ज्योत यायची, साताऱ्याच्या ओट्यावरची, आणि चेंडू कुठेतरी भलतीकडेच. "आपल्याकडे गॅस नाहीये, आई!" असं मी ओरडायचे, तुम्ही "हो का, विसरलेच गं" म्हणायचात आणि पुढे होऊन शांतपणे तीन फटक्यांत मोदक संपवायचात. शिवाय स्वत:ची सावली माझ्या पट्टीवर पडू द्यायची, मी वाकले की माझी वेणी नीट करायची, माझा चेंडू स्वत:चा समजून उचलायचा. पाटीवरचा एकही नियम तुम्ही माझ्या बाबतीत पाळला नाहीत. मोदकावर माझा चेंडू एकदाही पहिल्या फटक्यात गेला नाही.

मागच्या ऑगस्टच्या शेवटी, तुमचं परत जायचं तोंडावर आलं होतं. फ्राउ लिंडेमान फटका मारत होत्या. मला शिंक येत होती, तर तुम्ही स्वत:च्या पदराने माझं नाक दाबून धरलंत, त्यांना त्रास नको म्हणून. आणि लगेच पुढची पाळी माझी. काठी मागे. "मीनल, गॅस बंद केलास ना?"

मी काठी खाली ठेवली. "आई, एक विचारू? त्यांच्याशी जसं वागता तसं माझ्याशी एकदा तरी वागाल का? जरा मॅनर्सने?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावलात असं वाटलं नाही. कपाळावरचे केस मागे सारलेत आणि म्हणालात, "बरं."

त्यानंतर जे झालं ते मला अजून गिळता येत नाही. तुम्ही खरंच तसं वागलात. उरलेल्या पट्ट्यांवर तुम्ही माझ्यापासून लांब, झाडाखाली उभ्या राहिलात. सावली पडत नाही ना ते पाहत होतात. माझा फटका होईपर्यंत हूं की चूं नाही. शेवटच्या पट्टीला तर हाताने मान देऊन म्हणालात, "खेळा तुम्ही, मी थांबते." मला. सुनेला. फ्राउ लिंडेमानना कौतुक वाटलं असेल, मला मात्र वाटलं की कुणीतरी मला पाहुण्यांच्या खुर्चीत नेऊन बसवलंय. त्या शांततेत मी सहा फटके मारले आणि सात मांडले.

मी मागितलं ते रास्तच होतं. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. पण तो आपला शेवटचा डाव असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी विमानतळावर तुम्ही सईला कुरवाळलंत, अभिला डबा रिकामा ठेवू नकोस म्हणालात, माझ्या हातात उरलेला मसाला दिलात. हिवाळाभर फोनवर बोलत राहिलो. तुमचे गुडघे, माझं ऑफिस, सईचे मार्क. फोन ठेवताना दर वेळी मला वाटायचं, आता विचारतील. गॅस बंद केलास का, एवढंच. एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही रुसला होतात, की माझा शब्द पाळत होतात? हे मला आता कुणाला विचारता येणार आहे? अभिला विचारलं तर तो म्हणाला, आई विसरली असेल गं. तुम्ही आणि विसरणार.

तर शनिवार. हॉर्स्टनी टपरीवर तुमचा फोटो लावला होता, काठी हातात घेतलेला. फोटो त्यांच्याकडे कुठून आला हेही मला माहीत नव्हतं. सगळे मोदकाशेजारी गोल उभे राहिले. एक मिनिट शांतता. हे लोक शांतता फार छान पाळतात, आई. टोप्या काढून, हात पुढे बांधून. तेव्हा फ्राउ लिंडेमान रडायला लागल्या आणि मला तो आधी सांगितलेला राग आला.

नंतर त्या माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. चेंडूंची बॅग मांडीवर.

"तुम्हाला एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "मला तुमचा नेहमी हेवा वाटायचा."

मला वाटलं माझं जर्मन कमी पडतंय. मी पुन्हा विचारलं.

"म्हणजे, त्या माझ्याशी फार चांगलं वागायच्या. मला पुढे जाऊ द्यायच्या, माझ्यासाठी थांबायच्या. पण मला कधी कळलंच नाही की त्यांना मला हरवायचंय की नाही. तुम्हाला मात्र त्या छळायच्या. तुम्ही फटका मारायला लागलात की काहीतरी ओरडायच्या, मग तुम्ही ओरडायचात, मग त्या हसायच्या. दुसऱ्या पट्टीवरून ऐकू यायचं आम्हाला." त्यांनी बॅगची चेन उघडली, बंद केली. "माझी सून महिन्यातून एकदा येते. केक आणते. आम्ही दोघी फार व्यवस्थित वागतो. ती निघाली की मी कप धुते आणि ते कप आधीच जवळजवळ स्वच्छ असतात."

मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. त्या शब्दाला तिथे काही अर्थ नव्हता. पण खरं सांगते, इतकी वर्षं मी ज्या बाईवर जळत होते ती माझ्यावर जळत होती, हे ऐकून मला क्षणभर फार बरं वाटलं. मग आठवलं की शेवटच्या डावात मी स्वत:हून त्यांच्या रांगेत जाऊन बसले होते, आणि ते बरं वाटणं निघून गेलं.

हॉर्स्टनी काठी आणून माझ्या हातात दिली. हंगामाचा पहिला फटका, मोदकावर, तुमच्या नावाने, मी मारायचा असं सगळ्यांनी ठरवलं होतं. "फ्राउ मीनल," ते म्हणाले. नाव बरोबर म्हणाले.

मी चेंडू ठेवला. माझी सावली पट्टीवर नव्हती. सगळे दोन पावलं मागे सरले. सईच्या हातात चिप्सचं पाकीट होतं, ते वाजू नये म्हणून तिने छातीशी धरलं होतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी काठी मागे नेली आणि थांबले. परत नेली, परत थांबले. त्यांना वाटलं असेल, नेम धरतेय. मी थांबले होते, आई. नुसती थांबले होते.

शेवटी मारला. चेंडू सरळ गेला, मोदकावर चढला, शेंड्याशी जरासा रेंगाळला आणि आत पडला. पहिल्या फटक्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हॉर्स्टनी आरोळी ठोकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझी पाठ थोपटली. मी तिथेच काठी धरून उभी. सई जवळ आली आणि जर्मनमध्ये म्हणाली की मम्मा, गेला ना चेंडू, मग तुझा चेहरा असा का?

"कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

"काय?" तिने जर्मनमध्येच विचारलं.

"गॅस बंद केलास ना, म्हणून."

मग तिने चिप्सचं पाकीट खाली ठेवलं आणि माझी वेणी पाठीवरून पुढे घेतली.

"आपल्याकडे गॅस नाहीये, आई," ती म्हणाली. मम्मा नाही म्हणाली, आणि मराठीत म्हणाली.

तेव्हा मला रडू आलं. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत. फ्राउ लिंडेमानपेक्षा पुष्कळ मोठ्याने.